बंदरचा फोन

नरसव्वा खाली वाकली तेव्हा नीलांबिकेला वाटलं, हिच्या हातातून काहीतरी पडलं असावं. एखादी सुताची कांडी, नाहीतर कानातलं. म्हणून तीही खुर्चीतून जरा झुकली, आणि तेवढ्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला कपाळ लागलं. गरम, घामेजलेलं, सुताचा भुसा चिकटलेलं कपाळ. बावीस वर्षांत आजवर तिच्या पाया कुणी पडलं नव्हतं. आणि ही तर आईपेक्षा वयानं मोठी बाई. नीलांबिकेनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "अहो, काय हे नरसव्वा, उठा, उठा," ती म्हणाली. नरसव्वा उठली नाही. फरशीवर हात टेकून ती रडत होती आणि रडता रडता हसत होती. पलीकडच्या टेबलावरून हिंदुराव दिवाणजींनी मांडीवर थाप मारली. "देवच पावला म्हणायचा की! तरी मी सांगत हुतो, कायबी झालं नसंल पोरीला. आता रडती कशाला? जा, पोराला सांग जा, अंबादासला." नरसव्वा पदरानं तोंड पुसत कांडीखात्याकडे धावली. टेबलावर तो काळा फोन होता, डायलला छोटं कुलूप लावलेला. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता.

हे फक्त नीलांबिकेलाच ठाऊक होतं. दिवाणजी अर्धा तास बाहेर जाऊन नुकतेच परतले होते, मालक हैदराबादेला होते, आणि चोवीस मागांच्या खडखडाटात शेजारच्या खोलीतला फोन वाजला काय, न वाजला काय, कुणाला कळणार होतं? नरसव्वा दारात येऊन रोजच्यासारखी म्हणाली होती, "लागलं काय फोन, बिड्डा?" बिड्डा, तेलुगूत लेकरू, म्हणून हाक मारत बारा दिवस ती हेच विचारत होती, सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, आणि सुटताना एकदा. बारा दिवस नीलांबिका मान हलवून नाही म्हणत होती. आज तिच्या तोंडून निघालं, "लागला." मग पुढचं आपोआप आलं. "विणकर गल्लीतले सगळे शाळेत आहेत म्हणे. सुखरूप आहेत." नरसव्वा दाराची चौकट धरून उभी राहिली. "आमचं सुगुणा बोललं?" तिनं विचारलं. आणि नीलांबिकेनं मान हलवली. वरून खाली. एवढंच. मानेच्या त्या एका हलण्याला किती वेळ लागला असेल? डोळ्याची पापणी लवते, तेवढासुद्धा नाही.

सुगुणा ही नरसव्वाची धाकटी मुलगी. जन्म सोलापुरातला, शाळा मराठी चौथीपर्यंत, मग आईबरोबर याच कारखान्यात कांड्या भरायला. नीलांबिका इथे टायपिस्ट म्हणून लागली त्याच्या वर्षभर आधी सुगुणाचं लग्न झालं होतं, लांब तिकडे समुद्रकाठी, मछलीपट्टणला. त्या गावाला सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर नुसतं बंदर म्हणत. "आमचं सुगुणा बंदरला दिलं," असं नरसव्वा सांगे तेव्हा नीलांबिकेच्या डोळ्यांपुढे एखादं मोठं जहाज येई; प्रत्यक्षात नवरा तिथे हातमागावरच बसत होता. आठ महिन्यांचा मुलगा होता म्हणून ती या दिवाळीला आली नव्हती. दिवाळीनंतर आठच दिवसांनी तिकडे वादळ झालं. ताडाएवढं पाणी आलं, पेपरात होतं. गावंच्या गावं धुऊन नेली. पूर्व भागातल्या घराघरांत लोक रेडिओभोवती बसले. सुगुणाच्या दिवाळीच्या पत्रात मागच्या बाजूला तिथल्या एका सुताच्या दुकानाचा नंबर होता. मालक म्हणाले, रोज एक ट्रंक कॉल लावा. आणि रोज दुपारी एक्स्चेंजमधली बाई त्याच कंटाळलेल्या आवाजात सांगे, "लाईन डाऊन आहे मॅडम."

नीलांबिकेला ते वादळ नरसव्वाच्या आधी ठाऊक होतं. तिला असलं सगळं ठाऊक असे. बाळीवेशीतल्या घरी, तिच्या ट्रंकेत, मैत्रिणीनं, चन्नम्मानं, दिलेल्या परकराच्या घडीखाली एक वही होती, आणि तीत पेपरातली कात्रणं खळीनं चिकटवलेली. बांगलादेशच्या निर्वासितांच्या रांगा. शाळेत असताना तिनं त्यांच्यासाठी खाऊचा रुपया दिला होता. कुठल्याशा देशातला भूकंप, ढिगाऱ्यातून वर आलेला एक हात. पोट सुटलेली, काड्यांसारख्या पायांची आफ्रिकेतली मुलं. का चिकटवते, ते तिला सांगता आलं नसतं. रविवारी दुपारी सगळे झोपले की ती वही उघडी आणि एकेक चित्र पाही, आणि तिच्या छातीत काहीतरी भरून येई, डोळे वाहत, आणि मग फार हलकं, स्वच्छ वाटे. न्हाऊन आल्यासारखं. त्यानंतर ती तोंड धुई, वेणीला रिबीन लावी, आणि चन्नम्माबरोबर कंबर तलावावर भेळ खायला जाई. भेळ छान लागे. चन्नम्मा शेजारचीच, बालवाडीत शिकवणारी, तोंडानं फटकळ. तिनं एकदा ती वही पाहिली होती आणि म्हणाली होती, "तुला रडायला लांबचंच लागतं गं नीले. तुझी आत्या गेली तेव्हा पाणी आलं नाही डोळ्यांत." ते खरं होतं. आत्या शेवटचे तीन महिने त्यांच्याच घरी, मधल्या खोलीत होती. तिच्या अंथरुणाला वास येई. नीलांबिका त्या खोलीतून जाताना श्वास धरून ठेवी.

पण नरसव्वाच्या बाबतीत तसं नव्हतं. निदान तिला तसं वाटत नव्हतं. पहिले चार दिवस ती खरोखरच फोनला चिकटून बसली होती, अर्जंट कॉल लावत होती, बाईशी भांडत होती. पूर्व भागातल्या मंडळींनी कपडे आणि चादरी गोळा करायला सुरुवात केली तेव्हा तिनं स्वतःचा निळा स्वेटर दिला, अजून नवा होता तो. मागांच्या आवाजात नरसव्वाचा चेहरा पाहिला की तिला वाटे, ही त्या वहीतली बाई. वहीतून उठून इथं दारात आली आहे. आणि वहीतली बाई रोज तीन तीन वेळा दारात येऊ लागली, तोच प्रश्न विचारू लागली, तेव्हा आठव्या-नवव्या दिवशी नीलांबिकेच्या ध्यानात आलं की नरसव्वाची पावलं ऐकली की आपण श्वास धरतो.

आणि मग आजचा शनिवार. शनिवारी ऑफिस दोनला सुटे, पण ट्रंक बुक केलेला असला की तो लागेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत थांबावं लागे, कधी पाच वाजत. गावात सर्कस आली होती. चन्नम्मानं तीनच्या खेळाची तिकिटं काढली होती आणि अडीचला सात रस्त्यावर भेटते म्हणून निरोप धाडला होता. दीड वाजता तिनंच फोन करून विचारलं तेव्हा एक्स्चेंजमधून सांगितलं, अजून दोन तास तरी लागतील. नीलांबिका खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसली. झोपाळ्यावरच्या मुली, हत्ती, बुटका विदूषक यांची चित्रं भिंतीवर लावलेली दिसत होती. आणि दारात पावलं वाजली. लागलं काय फोन, बिड्डा?

दयेनंच आपण बोललो, असं तिनं स्वतःला पुढे किती वेळा सांगितलं. बारा दिवस न झोपलेल्या बाईला एक रात्र झोप मिळावी म्हणून. ते खोटं नव्हतं. पण सर्कस होती हेही खोटं नव्हतं. दूध आणि पाणी एकदा मिसळल्यावर कुठलं किती, कोण सांगणार? दिवाणजी फाटकाकडे गेले तशी तिनं एक्स्चेंजला फोन करून कॉल रद्द केला, फोनचं कुलूप लावलं, पर्स उचलली.

बाहेर कारखान्याच्या फाटकाशी ट्रक उभा होता. चादरींचे गठ्ठे चढवले जात होते. पाच वाजता तो बंदरकडे निघणार होता. नरसव्वाचा थोरला मुलगा अंबादास, याच कारखान्यात माग चालवणारा, तिशीचा, कमी बोलणारा माणूस, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून बहिणीला शोधायला जाणार होता. सकाळी येतानाच तो कापडी पिशवी भरून आला होता. आता तीच पिशवी काखेत धरून तो ट्रकच्या फळीशी उभा होता, आणि दिवाणजी त्याला समजावत होते, "आरं सुखरूप हाय म्हटल्यावर कशाला जातूस? तितं आधीच लोकास्नी खायला न्हाय. दोन माग तुझ्यावर हायत. चार दिसानं रेल्वे सुरळीत झाली की जा आणि घिऊनच ये तिला माघारी." अंबादासनं नीलांबिकेला पाहिलं आणि तो पुढे आला. "बाई, तुमी सोता ऐकला आवाज?" त्यानं विचारलं. नरसव्वा त्याच्या मागेच होती, कपाळाला भंडारा लावून आलेली, हातात साखरेची पुडी. तिनं चिमूटभर साखर नीलांबिकेच्या तळहातावर ठेवली. "हो," नीलांबिका म्हणाली. अंबादासनं ट्रककडे पाहिलं, मग आईकडे. मग तो पिशवी घेऊन आत मागाकडे निघून गेला. साखर हातात चिकट होत होती. ती खावी की टाकावी ते तिला कळेना. सात रस्त्यावर पोचेपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.

अजून अडीच तास होते ट्रक सुटायला. हे तिला तंबूतही आठवत होतं. बँड वाजत होता, लाकडी फळीवर चन्नम्माचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, वर एक मुलगी एका झोपाळ्यावरून सुटून दुसऱ्याकडे निघाली होती आणि सगळा तंबू गप्प झाला होता, तेव्हा तिला वाटलं, आत्ता उठावं. रिक्षा केली तर दहा मिनिटं. सांगावं, ऐकण्यात चूक झाली. पण रांगेत बारा-पंधरा माणसं बसलेली, त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं. मग विदूषक आला. त्याच्या तुमानीतून बदक निघालं आणि नीलांबिका हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चन्नम्मा तिच्याकडे बघून म्हणाली, "आज काय झालंय तुला?" सहाला खेळ सुटला तेव्हा बाहेर उजेड विझत आला होता, आणि ट्रक अक्कलकोट नाका ओलांडून तासभर पुढे गेला होता.

सोमवारी नरसव्वा दारात आली नाही. मंगळवारीही नाही. तिला विचारायचं काही उरलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कांडीखात्यातून बायकांचं हसणं ऐकू येई, त्यात तिचा जाडा आवाज असे. हे हवं होतं ना? नीलांबिका स्वतःला विचारी आणि टाईपरायटरवर चुकीची अक्षरं उमटत. घरी आई ताटावर बोलावी, "नीलव्वा, बा, ऊटा माडु," आणि ती म्हणे भूक नाही. "याक?" आई विचारी. का म्हणून कानडीत विचारलेलं ऐकत ती ताट उचलून परत मांडणीवर ठेवी.

गुरुवारी दिवाणजी बँकेत गेले होते तेव्हा तिनं स्वतःहून बंदरचा ट्रंक लावला. "परवापासून चालू झालीय लाईन," एक्स्चेंजमधली बाई म्हणाली, आणि खरोखरच, तासाभरात फोन वाजला. "बोला, तुमचा कॉल." मग एक लांबची घरघर, जशी शंख कानाला लावल्यावर येते, आणि तीतून एका पुरुषाचा थकलेला आवाज, "हलो? एवरंडी? हलो?" कोण बोलतंय, असं विचारत असावा. मागे कुणीतरी पत्र्यावर खिळे ठोकत होतं. ठक, ठक, ठक. नीलांबिकेच्या ओठांवर नाव आलं होतं. सुगुणा. एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण हा माणूस आता काय सांगेल ते तिला ऐकू येऊ लागलं. गेली. सगळी गेली. मग ते नरसव्वाला जाऊन सांगायचं, आणि शनिवारचंही सांगायचं. "सोलापुरा?" तो माणूस ओरडून विचारत होता, "सोलापुरा?" तिनं फोन खाली ठेवला. हलक्या हातानं ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. एक्स्चेंजच्या बाईनं परत रिंग देऊन विचारलं, "झालं का बोलणं, मॅडम?" "झालं," ती म्हणाली.

पत्र आलं डिसेंबरच्या एकोणीस तारखेला. साधं पोस्टकार्ड, तेलुगूत, तिथल्या शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं. पोस्टमननं ते ऑफिसात टाकलं आणि नीलांबिकेनंच ते कांडीखात्यात नेऊन दिलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. गोल गोल, जिलब्यांसारखी अक्षरं. अंबादासला बोलावलं. तो हात पुसत आला, उभ्यानं वाचायला लागला, मग खाली बसला. नरसव्वा "काय, काय" करत होती. त्यानं आईला तेलुगूत सांगितलं. मग दिवाणजींनी विचारलं तेव्हा त्यानं मराठीत सांगितलं, एकेक वाक्य, मध्ये थांबत. नवरा आणि पोर त्याच रात्री पाण्यात गेलं. सुगुणा ताडाच्या झाडाला धरून वाचली. शाळेत ठेवलं होतं तिला. सगळ्यांना सांगायची, आमचा अण्णा येणार आहे, सोलापूरहून. रोज रस्त्यावर जाऊन बसायची. मग सोलापूरचा ट्रक आला, चादरी घेऊन. ती पळत गेली. पुढं बघितलं, मागं चढून गठ्ठ्यांत बघितलं. ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, माणूस यायचा होता, पण आला नाही. त्यानंतर ती रस्त्यावर गेली नाही. जेवली नाही. ताप आला. अकरा तारखेला रविवारी सकाळी.

अंबादासनं पोस्टकार्ड घडी करून खिशात ठेवलं. त्यानं नीलांबिकेकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. तिच्यावर बोट दाखवायला कुणाकडे काही नव्हतंच. उलट सगळ्या हिशेबानं ती खरी ठरली होती. शनिवारी सुगुणा जिवंत होती. शाळेत होती. गल्लीतली वाचलेली माणसं शाळेतच होती. तिनं मनानं रचलेलं सगळं तिकडे जसंच्या तसं होतं. आणि गुरुवारी तिच्या हातात फोन होता तेव्हाही. त्या खिळ्यांच्या आवाजापासून ती शाळा किती लांब असेल? एक हाक मारण्याइतकी? ती खुर्चीत येऊन बसली. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही. त्या रविवारी घरी तिनं ट्रंकेतून वही काढली आणि पानं उलटली, तर नुसती शाई दिसत होती, काळे ठिपके, जवळ नेलं तर अधिकच ठिपके. कुठेही माणूस नव्हता.

दहाव्यानंतर नरसव्वा कामावर आली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले आणि एकदम शांत झालं, आणि दारात पावलं वाजली. नरसव्वा आत आली आणि नीलांबिकेच्या टेबलाशी फरशीवर बसली. केस पिंजारलेले, डोळे कोरडे. अंबादास तिच्या मागोमाग येऊन दाराशी उभा राहिला. दिवाणजी डबा खायला मागच्या पडवीत गेले होते.

"बिड्डा," नरसव्वा म्हणाली, "तुझ्याशीच बोललं शेवटचं. आमच्यापैकी कुणाशी न्हाई. काय म्हणलं?"

नीलांबिका खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर बसली. हे तिनं दहा दिवस पाठ केलं होतं. "नरसव्वा, मी बोलले नाही सुगुणाशी. फोन लागलाच नव्हता. त्या दिवशी मी खोटं सांगितलं."

बोलून झालं. आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. ही मला मारेल, अंबादास धावून येईल. ते व्हावं असंच तिला वाटत होतं. पण नरसव्वानं फक्त डोकं हलवलं, लहान मुलाचं वेडं बोलणं ऐकून हलवावं तसं. "खोटं कसं? शाळेत हाय म्हणलीस, शाळेतच होतं की. जिवंत हाय म्हणलीस, होतं की जिवंत. मास्तरनं लिवलंय. आता रडतंय मी म्हणून लपवतीस व्हय? नको लपवू. काय म्हणलं ते सांग."

"नरसव्वा, खरंच..."

"सांग की," अंबादास दारातून म्हणाला. फार हळू बोलला तो. नीलांबिकेनं वर पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याच्या जबड्याखाली एक शीर उडत होती, पण आवाज सपाट होता, मागावरचा धागा तुटल्यावर तो जसा गाठ मारायला वाकत असे, तसा. "आई विचारतंय ते सांगा, बाई. सुरू केलं न्हवं तुमी? सांगा."

नरसव्वानं तिचं मनगट धरलं. "अण्णाला पाठव म्हणलं का? ह्यो येणार म्हणून बसलं होतं म्हणं. ह्याला ये म्हणलं होतं का तुझ्याजवळ?"

हो म्हटलं तर तो माणूस उरलेला जन्म त्या ट्रकच्या फळीशी उभा राहणार होता. नीलांबिका सुगुणाला कधी भेटली नव्हती. तिचा आवाज बारीक होता का जाडा, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "येऊ नको म्हणाली. अण्णाला सांगा, इतक्या लांब येऊ नको, माग बुडतील. मीच येते म्हणाली, जरा रस्ते सुरू झाले की."

अंबादास वळला आणि निघून गेला. थोड्या वेळानं, सुट्टी संपायच्या आधीच, एकच माग सुरू झाल्याचा आवाज आला.

"आमचं पोरगं हायच तसं," नरसव्वा म्हणाली. तिच्या कोरड्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरत होतं. "दुसऱ्याचंच बघणार. मग? आणि काय म्हणलं?"

"थंडी आहे म्हणाली."

"व्हय, समुद्र हाय की तितं. मग?"

"तुमच्या हातची आमटी आठवते म्हणाली."

"चिंचेचं," नरसव्वा म्हणाली, आणि पदर तोंडात धरून बराच वेळ हलत राहिली. भोंगा झाला. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, कांडीखात्याकडे निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "राहिलेलं उद्या सांग, बिड्डा."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, त्याच जागी बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नीलांबिकेला आता रात्रीच तयारी करावी लागे: उद्या सुगुणा काय म्हणेल.